तुम्ही विचारलंत म्हणून: मला मुका नायक का हवा

"नायक अवाक्षर काढत नाही असले जुने रोल-प्लेइंग गेम अजून काय खेळत बसतेस?" किती जणांना तोंडी उत्तर देऊ? एकदा लिहूनच टाकते. हे गेम म्हणजे आपण एक पात्र घडवायचं आणि तेच होऊन गोष्टीत वागायचं. बोलक्या नायकांना आवाज देणाऱ्या कलाकारांवर माझा राग नाही, हे आधीच सांगते.

एका गेममध्ये चाळीसेक तास खपून मी एक बाई घडवली होती. मोजकं बोलणारी, कुणाला न दुखावणारी. एका रात्री सोबतचा म्हातारा सैनिक आपल्या मेलेल्या मुलाबद्दल सांगत होता. कॅमेरा थेट चेहऱ्यावर, खालचा ओठ थरथरतोय. माझ्या बाईने काय बोलायचं याचे पर्याय पडद्यावर आले. मी 'आता पुरे' निवडला. मला म्हणायचं होतं, बाबा, जिवाला आणखी त्रास करून घेऊ नका. माझी बाई ताडकन उठली आणि म्हणाली, तुझं रडगाणं ऐकायला मला वेळ नाही. म्हातारा मान खाली घालून गप्प. ती पाठ फिरवून चालू लागली, मी बटणं दाबत राहिले, पण सीन संपेपर्यंत एकही चालेना. आधी साठवून ठेवलेला खेळ (सेव्ह) उघडून दुसरा पर्याय घेतला, ती गोड बोललीही. पण तोवर ती माझी राहिली नव्हती.

२००७च्या 'मास इफेक्ट' या गेमने पर्यायांची गोल चकती रुळवली: पूर्ण वाक्याऐवजी दोन-चार शब्द दिसतात, त्यातून निवडायचं. वाचलेलंच वाक्य परत ऐकायला कंटाळा येतो, म्हणून नुसता सारांश. कारण पटतं, पण त्या सारांशातच माझा म्हातारा दुखावला गेला. २०१५च्या 'फॉलआउट ४'मध्येही असेच तुटक पर्याय होते; त्यालाही खेळाडूंनी मॉड करून, म्हणजे गेममध्ये स्वतःच बदल करून, पूर्ण वाक्यं दाखवायला लावली. म्हणजे हा माझ्या एकटीचा हट्ट नाही.

बोलका नायक आला की रोलप्ले, म्हणजे आपण ते पात्र होऊन खेळणं, मेला, असं मी पूर्वी तावातावाने भांडायचे. तेव्हाच्या त्या मला आता विचारायला हवं: मग 'मास इफेक्ट'ची नायिका, जेनिफर हेलच्या आवाजातली शेपर्ड, तीन भाग खेळलीस, ती कशी परकी वाटली नाही? चकती तर तिथेही होती. याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

आणि 'बाल्डर्स गेट ३'मध्ये (२०२३) मला हवं ते सगळं आहे. पूर्ण वाक्य वाचून निवडायचं, आपलं पात्र संवादात जवळजवळ मुकं. समोरचा जीव तोडून बोलतो, कॅमेरा माझ्या पात्राकडे वळतो आणि ते नुसतं भुवया उंचावून उभं. तेव्हा मीच पुटपुटते, अगं, बोल की काहीतरी.