गाणं ऐकवलंच नाही

"मॅडम, फसवलं हो त्यांनी!" खुर्चीत टेकायच्या आधीच ती म्हणाली. माझ्या पोटात धस्स झालं. पण निघालं भलतंच. रात्री जागून तिने 'क्रेझी एक्स-गर्लफ्रेंड' ही गाण्यांनी भरलेली अमेरिकन मालिका संपवली होती आणि शेवट तिला मुळीच पटला नव्हता.

मालिका मी सुचवलेली नव्हती. पेशंटला असलं काही सुचवायचं माझं धाडस नाही. त्यातली नायिका विमानात आत्महत्येचा प्रयत्न करते, आणि कुणाला केव्हा काय लागेल याचा नेम नसतो. (ही मुलगी कोण ते कळू नये म्हणून तिचे तपशील इथे बदललेत.) तीन महिन्यांपूर्वी मी तिला 'बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर' (भावनांचा तोल आणि नाती सांभाळणं अवघड करणारा मानसिक आजार) हे निदान सांगितलं होतं. तेही घाईत, नऊ निकषांपैकी किती जुळतात ते बोटांवर मोजत. पाच पुरतात. त्यानंतर दोन सेशन्सना ती फिरकलीच नाही. माझी चूकच ती.

मालिकेतल्या नायिकेला, रिबेकाला, हेच निदान तिसऱ्या सीझनमध्ये मिळतं. आपल्या त्रासाला नाव मिळणार म्हणून ती आधी खुशीत गाते. मग इंटरनेटवर वाचत बसते आणि हादरते.

"माझंही तसंच झालं," ती म्हणाली. "फक्त मी गायले नव्हते."

"आणि शेवटी काय झालं?"

सुटलीच मग ती. न्यूयॉर्कची वकिली सोडून जुन्या प्रेमापाठी कॅलिफोर्नियातल्या वेस्ट कोविनाला आलेली ही बाई. शेवटी जॉश, ग्रेग, नथॅनियल असे तिघे समोर, आणि ती एकालाही निवडत नाही. डोक्यात सतत गाणी चालतात हे मैत्रिणीला, पॉलाला, सांगते, वर्षभर गाणी लिहायला शिकते. मग सगळ्यांसमोर पियानोशी बसून म्हणते, हे मी लिहिलेलं गाणं. संपलं. एक सूरसुद्धा नाही.

"चार सीझन नुसती गाणी! आणि तिचं स्वतःचं आलं की बंद? मग ती बरी झाली की नाही?"

"गोळ्या घेते का?"

"घेते. त्यावरही गाणं आहे."

"थेरपी?"

"तीपण." जरा थांबली. "म्हणजे चालूच राहणार हे सगळं?"

मी हो म्हटलं. या वेळी बोटं मोजली नाहीत.

तिने पर्समधून डायरी कार्ड काढलं, रोजच्या भावना किती तीव्र होत्या ते आकड्यांत लिहायचं. घडी इतकी बारीक घातलेली की चहाच्या पुडीसारखं दिसत होतं. सात रकान्यांपैकी चार भरलेले, आकडे पेन्सिलने, 'राग' पुढचा पाच खोडून तीन केलेला. आधीची सगळी कार्डं कोरी आली होती. मी तिला त्या खोडलेल्या पाचाबद्दलच विचारत राहिले, अर्धा तास.

जाताना दारात थांबली. "मी असते ना, तर ग्रेगला निवडलं असतं."

मी तोंड उघडलं.

"काही बोलू नका," ती म्हणाली, आणि मंगळवारची वेळ लिहून घेतली.