रात्री नऊला हॉस्पिटल बघायला जायचं

मी लिफ्टची सर्व्हिसिंग करतो. त्यामुळे हॉस्पिटलं मी आतून पाहिली आहेत, म्हणजे अगदीच आतून: मशीनरूम, शाफ्ट, तळघरातला जनरेटर. कुठल्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर सरळ जातं आणि कुठे पेशंटला उठवून व्हीलचेअरवर बसवावं लागतं, हे मला विचारा. आपल्याला हॉस्पिटलातलं कळतं असा माझा समज त्यामुळेच झाला होता. बाबांच्या वेळी तो उतरला.

संध्याकाळी ते शर्टाची बटणं लावत होते. तिसरं बटण काही केल्या काजात जाईना. आई म्हणाली, "द्या, मी लावते." त्यावर ते काहीतरी बोलले, पण त्यात शब्द नव्हतेच, नुसता आवाज. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि उजवा हात लोंबत होता. घड्याळात सात चाळीस. ही वेळ पाठ आहे, कारण त्या रात्री ती मला चार जणांनी विचारली.

आम्ही त्यांना जवळच्या मोठ्या, काचेच्या इमारतीत नेलं. तिथली लिफ्ट मला माहीत होती, उत्तम लिफ्ट. आठ मिनिटांत पोचलो. कॅज्युअल्टीतला डॉक्टर पोरसवदा होता पण हुशार. त्याने बघितल्याबरोबर सांगितलं, आधी सीटी स्कॅन. सीटीचं मशीन होतं, चांगलं नवंकोरं. ते चालवणारा टेक्निशियन मात्र ड्यूटी संपवून घरी गेला होता. "बोलावलंय, निघालाय," असं काउंटरवरचा मुलगा दर दहा मिनिटांनी सांगत होता. पन्नास मिनिटं गेली. सीटीत गुठळी दिसली. मग कळलं की गुठळी विरघळवायचं इंजेक्शन तिथे देतच नाहीत, दुसरीकडे न्यावं लागेल. दुसऱ्या हॉस्पिटलात इंजेक्शन दिलं तेव्हा दहा पन्नास झाले होते.

भाची नर्सिंगला आहे. हा लकवा, असं तिने नंतर समजावलं. मेंदूतली रक्तवाहिनी तुंबली की दर मिनिटाला अंदाजे १९ लाख पेशी मरतात. इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचं, आणि ते तास हॉस्पिटलच्या दारापासून मोजायचे नसतात, माणूस शेवटचा धडधाकट दिसला तिथपासून मोजायचे. पण सीटीशिवाय ते देताच येत नाही. गुठळी असो की रक्तस्राव, बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, आणि रक्तस्रावात तेच इंजेक्शन जिवावर बेतू शकतं. "मामा, तुम्ही वेळेत बसलात," ती म्हणाली. बसलो खरे. पण हे वेळेत म्हणजे पास-नापास नसतं. जितकं लवकर तितकं चांगलं, आणि आमची पन्नास मिनिटं एका रिकाम्या खुर्चीची वाट बघण्यात गेली. तिथल्या कुणाचा राग येतो म्हणावं, तर तसंही नाही. राग स्वतःचाच येतो, कारण त्या इमारतीत मी दर महिन्याला जात होतो आणि एकदाही विचारलं नव्हतं.

म्हणून मग विचारत सुटलो. घरापासून अर्ध्या तासाच्या आत चार हॉस्पिटलं. चारही ठिकाणी रात्री नऊनंतर गेलो. सकाळी अकराला सगळी हॉस्पिटलं चांगलीच असतात, मोठे डॉक्टर राउंडवर, काउंटरवर चार माणसं. पहिल्या ठिकाणी मी मूर्खासारखं विचारलं, "सीटी चोवीस तास असतो का?" "हो हो, चोवीस तास." हे उत्तर मला तरी कळायला हवं होतं. आमच्या कंपनीच्या स्टिकरवरही '२४ तास सेवा' छापलेलं आहे. ते चोवीस तास म्हणजे माझ्या उशाखालचा मोबाईल.

पुढच्या ठिकाणी प्रश्न बदलला: "आत्ता या मिनिटाला मशीनपाशी कोण आहे?" या प्रश्नाने चेहरे बदलतात. एका ठिकाणी बाई म्हणाल्या, "कॉलवर आहेत," म्हणजे घरी, बोलावलं की येणार. एका ठिकाणी ब्रदरने काही न बोलता मागच्या दाराकडे बोट केलं. आत एक मुलगी मोबाईल बघत बसली होती, शेजारी रजिस्टर उघडं. तिथेच मी वहीत त्या हॉस्पिटलच्या नावावर गोल केला. मग दुसरा प्रश्न, इंजेक्शन इथेच देता ना? हृदयासाठी तिसरा, अटॅक आला तर रात्री अँजिओप्लास्टी करणारी टीम किती वेळात उभी राहते? ज्यांना माहीत असतं ते मिनिटांत सांगतात. ज्यांना नसतं ते म्हणतात, "काळजी करू नका, सगळं होतं."

भाचीने आणखी एक सांगितलं होतं: लॉबी बघू नकोस, सिस्टर मोज. आयसीयूत व्हेंटिलेटरवरच्या एक-दोन पेशंटमागे एक सिस्टर हवी. सहा खाटांमागे एकच धावत असेल तर कितीही भारी मॉनिटर असो, तो वाजला तरी बघणार कोण? आणि खाटेपाशी हात चोळायच्या औषधाची बाटली असते, ती बघ. भरलेली असणं पुरेसं नाही, वापरून संपत आलेली आहे का ते बघ. त्यावरून तिने व्हिएन्नाची गोष्ट सांगितली. १८४० च्या दशकात तिथे एकाच इस्पितळात बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. पहिल्यात बाया कितीतरी जास्त मरत. डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच सुटकेला येत, हे कारण तिथल्या सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरच्या १८४७ मध्ये लक्षात आलं. त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने उतरले. पण मला यातला वेगळाच भाग लक्षात राहिला. बायका आधीपासूनच हातापाया पडत होत्या, आम्हाला पहिल्या विभागात घालू नका म्हणून. कारण त्यांना ठाऊक नव्हतं, पण कुठे जायचं नाही हे पक्कं ठाऊक होतं.

म्हणून मी नेटवरच्या ताऱ्यांपेक्षा वॉर्डातल्या मावशींना विचारतो. तारे देणारे बहुतेक पार्किंगवर आणि रिसेप्शनिस्टच्या बोलण्यावर देतात. मावशींना मी विचारतो, "तुमच्या घरचं कोणी आजारी पडलं तर इथेच आणता का?" एकीने आधी मागे वळून पाहिलं आणि मग म्हणाली, "आणते की." तो मधला वेळ मी वहीत लिहिला.

चौथं हॉस्पिटल वीस खाटांचं, जुनं, लिफ्ट नाही, रॅम्प आहे. तिथले डॉक्टर साठीचे असतील. माझी वही बघून हसले आणि म्हणाले, "लकवा आणि हार्ट अटॅक माझ्याकडे आणायचाच नाही. वाटेत इथे थांबायचंसुद्धा नाही. फोन करा, मी पुढे कळवून ठेवतो." कुठे न्यायचं ते त्यांनीच लिहून दिलं. बाकी सगळ्यासाठी आम्ही आता त्यांच्याचकडे जातो.

आईच्या पित्ताशयाचं ऑपरेशन मात्र तिसरीकडे केलं, कारण तिथले सर्जन हे ऑपरेशन आठवड्यात अनेकदा करतात. हातावर बसलेलं काम आणि वर्षातून दोनदा केलेलं काम यांतला फरक मला वेगळा सांगायला नको. तिथे आईला तीनदा नाव विचारलं, तीनदा विचारलं की ऑपरेशन कसलं आहे. ती वैतागली. "यांना माहीत नाही का मी कशाला आलेय?" भाची म्हणाली, विचारतात तेच बरं. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ऑपरेशनसाठी १९ मुद्द्यांची यादी काढली: भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी, पेशंट बाहेर नेण्याआधी, तिन्ही वेळा थांबून मोठ्याने वाचायची. मला ते लगेच पटलं. लिफ्टच्या शाफ्टमध्ये उतरण्याआधी आम्हीही मेन स्विच बंद केला का ते एकमेकांना ओरडून विचारतो, दोघांनी डोळ्यांनी बघितलेलं असलं तरी.

आता कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. लकवा, छातीत दुखणं, अपघात, पडणं, ताप. प्रत्येकापुढे नाव, फोन, आणि रात्री जायचा रस्ता. खाली बाबांच्या औषधांची यादी, कसली ॲलर्जी आहे तेही.

गेल्या आठवड्यात रात्री पुन्हा फेरी मारली. लकव्यापुढे ज्यांचं नाव आहे तिथे त्या मागच्या खोलीला कुलूप होतं. मुलगी नोकरी सोडून गेली, नवीन माणूस अजून मिळालेला नाही. घरी येऊन नाव खोडलं. बाबा मागे उभे होते, डाव्या हाताने शर्टाचं बटण लावत. त्यांचं बोलणं आता सावकाश येतं, पण येतं.

"मग," ते म्हणाले, "तिथे आता कोण?"

मी पेन घेतलं आणि फोन लावला. रात्रीचे पावणेदहा झाले होते.