तुम्ही विचारलंत म्हणून: त्या नुसत्या भक्त होत्या का?

संत कवयित्रींच्या अभंगांवर कुठे बोलायला गेले की कार्यक्रम संपल्यावर एक प्रश्न हमखास येतो. विचारणारी कधी कॉलेजातली मुलगी असते, कधी दरवर्षी वारीला जाणारे आजोबा. शब्द बदलतात, प्रश्न तोच: "जनाबाई, सोयराबाई, बहिणाबाई यांना तुम्ही बंडखोर म्हणता. पण त्या तर देवाची गाणी म्हणत होत्या. आजचे विचार तुम्ही उगाच त्यांच्या माथी मारत नाही ना?" प्रश्न रास्त आहे. उभ्या उभ्या दिलेलं उत्तर अपुरं राहतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं म्हणणं एवढंच की, या बायकांबद्दल ज्या गोष्टी सांगतात त्या थोडा वेळ बाजूला ठेवा आणि त्यांच्या ओळी वाचा. आपली गल्लत गोष्टींमुळे होते.

जनाबाईंचंच बघा. त्या गंगाखेडच्या, लहानपणीच पंढरपूरला नामदेवांच्या घरी दासी म्हणून आल्या. त्यांच्याविषयी आपल्याला काय ठाऊक असतं? पांडुरंग त्यांच्या जात्यावर दळू लागला, त्यांच्या गोवऱ्यांतून विठ्ठलनाम ऐकू आलं, देवाच्या पदकाच्या चोरीचा आळ आला तेव्हा सुळाचं पाणी झालं. गोष्टी गोड आहेत, आणि त्या पिढ्यान्‌पिढ्या सांगणाऱ्यांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. पण प्रत्येक गोष्टीत जनी सोसते आणि देव तिला सोडवतो. तिला स्वतःला काही करावं लागत नाही. मला शाळेत भेटलेली जनाबाई अशीच होती, जात्यापाशी बसलेली आणि सोशिक.

आता ही ओळ वाचा:

"डोईचा पदर आला खांद्यावरी । भरल्या बाजारी जाईन मी ॥
हातीं घेईन टाळ खांद्यावरी वीणा । आतां मज मना कोण करी ॥"

आणि शेवटी: "जनी म्हणे देवा मी झालें येसवा । निघालें केशवा घर तुझें ॥"

येसवा म्हणजे वेश्या. चौदाव्या शतकातली एक मोलकरीण म्हणते की माझा डोक्यावरचा पदर खाली आला आहे, मी तशीच भर बाजारातून जाणार आहे, हातात टाळ असेल, खांद्यावर वीणा असेल, मला कोण अडवतो ते बघू. आणि असं चालणाऱ्या बाईला गाव जे नाव ठेवील, ते तीच आधी स्वतःला लावून टाकते. गावाच्या हाती शिवीही उरू देत नाही.

इथे बरेचदा कुणीतरी थांबवतं. हे रूपक आहे, पदर म्हणजे देहभान, बाजार म्हणजे संसार, असं सांगतं. असेलही. भक्तिकाव्यात असे अर्थ लागतातच आणि ते खोटे नसतात. पण देहभान सुटल्याचं सांगायला शंभर रूपकं हाताशी होती. समुद्रात विरघळणारं मीठ होतं, ज्योतीवर झेपावणारा पतंग होता. तिने पदर निवडला. पदर ढळणं म्हणजे काय आणि त्याची किंमत काय, हे पंढरपूरच्या पेठेत रोज वावरणाऱ्या बाईला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ज्या गोष्टीला भर रस्त्यात काहीच धोका नाही तिचं रूपक करून "आतां मज मना कोण करी" असं कुणी विचारत नाही.

दुसरी शंका जाणकार काढतात: हे अभंग सगळे तिचेच कशावरून? खरं आहे. जनाबाईंच्या नावावरचे अभंग मुख्यतः नामदेवांच्या गाथेतून आपल्यापर्यंत आले, त्याआधी ते तोंडोतोंडी फिरले, त्यांत भर पडली असणार. मला त्याने काही बिघडल्यासारखं वाटत नाही. एखादा अभंग नंतरच्या कुणी बाईने रचून जनीच्या नावावर घातला असेल, तर त्याचा अर्थ एवढाच की मनातलं धीटपणे बोलायचं झालं तर जनीच्या नावाखाली बोलावं, हे तिलाही ठाऊक होतं.

पण माझा सगळ्यात आवडता अभंग पदराचा नाही. तो उवांचा आहे. जनीचं डोकं खाजतंय, उवांनी ती हैराण झालीय. विठाबाई, म्हणजे विठ्ठलच, धावत येते. "देव हातें बुचडा सोडी", देव स्वतःच्या हाताने तिचा अंबाडा सोडतो, भराभर उवा मारतो, केस विंचरून मोकळे करतो, आणि जनी म्हणते, स्वच्छ वाटलं. बस, एवढाच अभंग. तेव्हा एरवी ज्या देवाला शिवायला सोवळं लागायचं, ज्याच्या पूजेला बडवे, म्हणजे पंढरपूरचे परंपरागत पुजारी, लागायचे, तो इथे दासीच्या केसांत बोटं घालून बसलेला आहे. तिला आई नव्हती. "आई मेली बाप मेला । मज सांभाळी विठ्ठला" असं तीच सांगते. दिवसभर दुसऱ्यांच्या घरचं करणाऱ्या बाईचं डोकं कोण बघणार? तिने ते काम देवाला लावलं. हे मागताना ती लाचार होत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. हक्काच्या माणसाला सांगावं तसं तिचं सांगणं आहे.

आणि हक्काचं माणूस चुकलं तर त्याला बोल लावायलाही ती मागेपुढे बघत नाही. "अरे विठ्या विठ्या । मूळ मायेच्या कारट्या" असं सुरू होणारा तिचा एक अभंग आहे. त्यात ती देवाचं मढं काढते, त्याच्या बायकोला रंडकी म्हणते, आणि शेवटची ओळ आहे "उभी राहुनी आंगणीं । शिव्या देत दासी जनी". हा अभंग मी सभेत मोठ्याने वाचते तेव्हा पुढच्या रांगेतली काही माणसं अस्वस्थ होतात. मागे बसलेल्या बायका मात्र एकमेकींकडे बघून हसतात. त्यांना अर्थ सांगावा लागत नाही.

सोयराबाईंचा स्वर वेगळा आहे. त्यांचे अभंग थोडे उरलेत. "अवघा रंग एक झाला" हा अभंग किशोरी आमोणकरांच्या गळ्यातून घरोघरी पोचला, पण तो सोयराबाईंचा आहे हे ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना माहीत नसतं, याचं मला वाईट वाटतं. चोखोबांची ही बायको, मंगळवेढ्याची. जातीमुळे देवळाबाहेर, आणि बाई म्हणून महिन्याच्या महिन्याला घरातही बाजूला. विटाळ या गोष्टीचा दुहेरी अनुभव तिच्याइतका कुणाला असणार? तिने त्याचंच प्रमेय मांडलं:

"देहासी विटाळ म्हणती सकळ । आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध ॥
देहींचा विटाळ देहींच जन्मला । सोंवळा तो झाला कवण धर्म ॥
विटाळावांचोनि उत्पत्तीचें स्थान । कोण देह निर्माण नाहीं जगीं ॥"

हे रडगाणं नाही, वाद आहे. आत्मा शुद्ध आहे, हे म्हणून ती थांबली असती तर शास्त्रीबुवांनीही मान डोलावली असती. पण ती पुढे देहावरच येते. विटाळ देहातच जन्मतो, विटाळाशिवाय जगात एकही देह तयार झालेला नाही, मग सोवळा झाला तो कोणत्या धर्माने? सोवळं नेसून गाभाऱ्यात उभा असलेला माणूसही ज्या विटाळातून आला, तो त्याच्या आईचा विटाळ. हे प्रसूतीच्या वेदना सोसलेली बाई बोलते आहे. अभंगाखाली ती सही करते "म्हणतसे महारी चोखियाची". ज्या दोन गोष्टींवरून तिला बाहेर ठेवलं, त्या दोन्ही त्या सहीत आहेत, आणि त्या तिने झाकल्या नाहीत. तिच्या लेकाने, कर्ममेळ्याने, पुढे देवालाच सुनावलं की आमचा जन्म उष्टं खाण्यात गेला, तुला लाज कशी वाटत नाही. पोराला हे बाळकडू कुठून मिळालं, ते आईचे अभंग वाचले की कळतं.

वारकरी पंथाने या बायकांना जागा दिली, त्यांचे शब्द जपले, त्याबद्दल कृतज्ञता हवीच. पण सोयराबाई ज्या दारापाशी थांबल्या ते पंढरपूरचं दार त्यांच्या जातीतल्या माणसांना उघडायला 1947 साल उजाडलं, तेही साने गुरुजींनी उपोषण केल्यावर. अभंग आधी आत गेला, माणसं सहाशे वर्षांनी.

आता सगळ्यात अवघड बाई, शिऊरच्या बहिणाबाई. सतराव्या शतकातल्या, ब्राह्मण घरातल्या. अजाण वयात तिशीतल्या बिजवराशी लग्न झालेलं. नवरा रत्नाकर पाठक, वेदविद्या जाणणारा आणि संतापी. कोल्हापुरात असताना जयराम स्वामींच्या कीर्तनात ही मुलगी रमली, स्वामींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, लोक बोलायला लागले, आणि नवऱ्याने तिला मारलं, बांधून टाकलं. हे आपल्याला कुणा चरित्रकाराकडून कळत नाही, ती स्वतःच अभंगांत सांगते. नवऱ्याचा मार मराठीत लिहून ठेवणारी याआधीची बाई मला माहीत नाही. पुढे तुकोबांनी तिला स्वप्नात उपदेश दिला. शूद्र मानलेल्या जातीतला गुरू ब्राह्मणाच्या बायकोने करायचा, म्हणजे घरात काय झालं असेल याची कल्पना करा.

तिची ही ओळ बघा: "वेद हाका देती पुराणे गर्जती । स्त्रियेच्या संगती हित नोहे ॥ मी तो सहज स्त्रियेचाची देह । परमार्थाची सोय कैची आता". सगळी शास्त्रं ओरडून सांगतात की बाईच्या संगतीत हित नाही. पण मीच बाई आहे, मी कुणाची संगत सोडू? शास्त्र लिहिणाऱ्यांनी आपलं म्हणणं कधी कुणी बाई वाचेल हे धरलंच नव्हतं, हे तिने दोन ओळींत उघडं केलं.

पण याच बहिणाबाईंनी पतिव्रताधर्माचे अभंगही लिहिलेत. नवरा घर सोडून निघायच्या गोष्टी करू लागला तेव्हा ती म्हणते की नवऱ्याची सेवा हाच माझा देव. दगडाच्या विठ्ठलासाठी आणि स्वप्नातल्या तुकोबांसाठी मी हातातलं सुख का घालवू? माझ्यासारख्या वाचणारीला हे अभंग टोचतात. ते गाळून तिला नुसती बंडखोर म्हणणं सोपं आहे, आणि नेमके तेवढेच उचलून तिला आदर्श पत्नी करणारेही आहेत. मला दोन्ही पटत नाही. जिच्याकडे ना पैसा ना घर, तिने नवरा आणि तुकोबा दोघांनाही सोडलं नाही. शेवटी ती नवऱ्याला घेऊन देहूला गेली, तिथे तुकोबांचा द्वेष करणाऱ्या मंबाजीचा जाच सोसला, आणि वज्रसूचि मराठीत आणली. जन्माने कुणी ब्राह्मण ठरत नाही, असं मांडणारा तो संस्कृत ग्रंथ. ब्राह्मण वैदिकाच्या बायकोने त्याच घरात राहून तो मराठीत आणला, हे मला घर सोडून जाण्यापेक्षा कमी धीटपणाचं वाटत नाही.

कान्होपात्रा, मुक्ताई, निर्मळा यांच्यावर वेगळं लिहायला हवं, दोन ओळींत त्यांना उरकणार नाही. महदाईसांबद्दल मात्र एक सांगते, कारण त्या सगळ्यांच्या आधीच्या. तेराव्या शतकात धवळे, म्हणजे लग्नगीतं, रचणारी ही महानुभाव पंथातली बाई पंथाच्या संस्थापकांना, चक्रधरांना, एवढे प्रश्न विचारायची की "म्हातारी येथ काही पुसतचि असे", असं ते तिच्याविषयी म्हणाले. मराठीतली पहिली कवयित्री अशी प्रश्न विचारणारी निघावी, याचा मला अभिमान आहे.

आणि पुढे सावित्रीबाई. 1854 साली 'काव्यफुले' छापून आलं. वय तेवीसच्या आसपास, मुलींच्या शाळेत शिकवायला जाताना अंगावर शेण-चिखल झेलणं सुरू होतं. त्यांना विठ्ठलाच्या आडून बोलायची गरज पडली नाही. छापलेलं पुस्तक, त्यावर स्वतःचं नाव, आत शिकायला सांगणाऱ्या कविता. पण जनीने "मना कोण करी" विचारलं त्याला तोवर पाच शतकं होऊन गेली होती.

तर मूळ प्रश्नाकडे येते. बंडखोर की भक्त, असे दोन डबे त्यांच्या काळात नव्हते. देव हाच एक असा होता ज्याच्याशी बाईने चारचौघांत मोठ्याने बोललेलं चालत होतं. मग जे सासरी, बाजारात, देवळाच्या दारात बोलता येत नव्हतं ते त्यांनी त्याला सांगितलं, आणि ते अभंगात होतं म्हणून बाकीच्यांनाही ऐकावं लागलं. भक्ती खरी होती. राग खरा होता. मला ते दोन्ही वेगळे काढता येत नाहीत, आणि काढावेत असं वाटतही नाही.

यावर पुढचा प्रश्न येतो, "मग वाचायला कुठून सुरुवात करू?" सकल संत गाथा वाचनालयात मिळते. तीत जनाबाईंचे अभंग काढा आणि मोठ्याने वाचा, मनात वाचू नका. ते गळ्यासाठी रचलेत. मग सोयराबाईंचे वाचा, एका बैठकीत होतील. बहिणाबाईंचं आत्मनिवेदन सगळ्यात शेवटी घ्या आणि पतिव्रतेचे अभंग गाळू नका.