अख्खी शाळा वर आणायची म्हणजे... ऊसतोडीच्या गावातला माझा अनुभव

आमची शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते सातवी, बीड जिल्ह्यातली. निम्म्याहून जास्त घरं दरवर्षी ऊसतोडीला जाणारी, शिवाय तांड्यावरची म्हणजे बंजारा वस्तीतली पोरं, घरी गोरमाटी ही बंजारा बोली बोलणारी. मी मुख्याध्यापिका म्हणून आले तेव्हा शाळेचं नाव चांगलंच होतं. ऑफिसात शिष्यवृत्तीधारकांचा बोर्ड, गेटवर नवोदयला लागलेल्या पोराचा फ्लेक्स, पाहुणे आले की तीच ठराविक हुशार पोरं पुढे करायची. बाकीच्यांचं काय हे कुणी विचारत नव्हतं, कारण पेपर तर सगळेच पास होत होते.

मग आम्ही एक केलं, दुसरीपासून सातवीपर्यंत प्रत्येक पोराला एकेकटं बसवून वाचायला लावलं. ‘प्रथम’ या संस्थेची, त्यांच्या ‘असर’ सर्वेक्षणातली साधी पद्धत आहे, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, पोरगं जिथं अडकलं ती त्याची लेव्हल. अट एकच घातली, आपल्या वर्गाची तपासणी आपण करायची नाही, वर्ग बदलून घ्यायचे. सहावीतली काही पोरं जोडाक्षर तर सोडाच, साध्या शब्दालाच थांबली आणि स्टाफरूममध्ये सगळे गप्प. ही पोरं फळ्यावरचं इतकं सुंदर उतरवून काढतात की वही बघून कुणीही फसेल, अक्षर मोत्यासारखं आणि वाचता एक ओळ येत नाही.

राज्य सरकारच्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाचा जीआर २२ जून २०१५चा, केंद्राचं ‘निपुण भारत’ अभियान २०२१चं, म्हणजे प्रत्येक मूल शिकलं पाहिजे हे कागदावर कधीचंच आहे. प्रत्यक्षात आमचे एक सर म्हणाले, मॅडम मी सातवीला बाराखडी शिकवत बसलो तर माझा पोर्शन कोण पूर्ण करणार? प्रश्न खोटा नव्हता. म्हणून पोर्शनला हात न लावता परिपाठानंतरचा पहिला तास तेवढा सगळ्या शाळेचा एकदम काढला, त्या तासाला इयत्ता नाही, लेव्हलप्रमाणे गट. सगळ्यात खालचा गट मी घेतला, कारण तो कुणालाच नको होता, आणि त्या वेळात फोनवर ‘माहिती आजच भरा’ असे कितीही मेसेज येऊ दे, बघायचे नाहीत असं ठरवलं (आमच्याकडे क्लार्क नसतो, तेही आपणच असतो).

एक गोष्ट मात्र जपावी लागते. सहावी-सातवीची पोरं तिसरीच्या पोरांशेजारी बसवली तर दुसऱ्या दिवशी शाळेलाच येणार नाहीत, त्यांना मिसरूड फुटायला लागलेलं असतं. म्हणून तिसरी ते पाचवीचे गट वेगळे, सहावी-सातवीचे वेगळे. गटांना नावं जिल्ह्यातल्या नद्यांची दिली, सिंदफणा, बिंदुसरा, मांजरा, की कुणाला कमीपणा वाटू नये. पोरांनी आठवड्यात ओळखलं की मांजरा म्हणजे कच्च्यांचा गट. नावाने काही होत नाही हो, दर महिन्याला परत तपासून पोरगं खरंच वर सरकलं की होतं.

गणिताला गठ्ठे होतेच, दहा काड्यांचा एक, आम्ही त्याला मोळी म्हणायला लागलो. उसाची मोळी बांधलेली, डोक्यावर घेऊन गाडीत भरलेली ती पोरं, एक मोळी सोडून सुट्ट्या काड्या घ्यायच्या म्हणजे हातच्याची वजाबाकी हे त्यांना लगेच कळलं.

पण खरी अडचण पुढेच होती, दिवाळी. दसरा झाला की गाड्या भरायला लागतात, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, मुकादमाकडून म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून उचल, आगाऊ पैसे, आधीच घेतलेली, पोरगं मागं ठेवायचं तर कुणाकडे? ते जातं कारखान्यावर कोपीत म्हणजे झोपडीत, मोठी पोरगी धाकट्याला सांभाळते, स्वयंपाक करते, पोरगा वाढं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे गोळा करतो. मार्च-एप्रिलला परत येतं तेव्हा वाचन गेलेलं. वर्षभरात तुम्ही कितीही भारी पद्धत वापरा, वर्गातलं निम्मं पोरगं पाच महिने नसेल तर कसली शाळा सुधारते? जाणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड देतात, तिकडच्या शाळेने दाखल्याशिवाय घ्यावं म्हणून. पण पहाटे उसाच्या फडात गेलेल्या आईबापाने ते कार्ड घेऊन शाळा कधी शोधायची?

त्यामुळे आमची निम्मी ताकद हंगामी वसतिगृहात गेली, म्हणजे आईबाप ऊसतोडीला गेले तरी पोरगं गावातच राहावं म्हणून केलेल्या सरकारी सोयीत. नाव वसतिगृह असलं तरी पोरगं झोपतं आजी-आजोबांकडेच, सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळेत, दुपारी पोषण आहार आहेच. यादी आणि प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीने करायचा, पैसे यायचे तेव्हा येतात, तोवर गावातला दुकानदार उधारीवर किराणा देतो म्हणून चालतं. संध्याकाळी त्याच पोरांचा अभ्यास गावातली बीए झालेली एक मुलगी घेते, आणि माझ्या मते वाचनात जो फरक पडला तो सकाळच्या तासाइतकाच या संध्याकाळचा आहे.

मुलींचं सगळ्यात अवघड. एक आजी म्हणाली, “बाई, पोरगी इथं ठिवली आन् काय इपरीत झालं तर लेकाला काय तोंड दाखवू?” यावर मी काय बोलणार. समितीत कायद्याने निम्म्या बायका असतात, एरवी त्यांची फक्त सही घेतली जाते, पण त्याच घरोघर गेल्या, दोन-तीन मुली एका घरी झोपतील, सोबत म्हातारी असेल असं ठरवून दिलं. काही घरांनी ऐकलं, काहींनी पोरी नेल्याच.

एप्रिलमध्ये परत तपासणी केली तेव्हा अक्षरावर अडकलेली पोरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली होती, आणि त्यातली बहुतेक स्थलांतर करून परत आलेली. बाकीच्यांची गाडी परिच्छेद-गोष्टीवर आली. त्या वर्षी शिष्यवृत्तीच्या बोर्डावर नवीन नाव चढलं नाही हेही सांगते, काही पालक रागावले, एकाने पोरगं काढून इंग्लिश मिडियमला घातलं. मला वाईट वाटलं पण परत निवडायची वेळ आली तर मी हेच निवडेन. तांड्यावरच्या पहिलीच्या पोरांचं अजून नीट बसलेलं नाही, सातवीतल्या गोरमाटी बोलणाऱ्या दोन मुलींना थोडा वेळ त्यांच्यात बसवतो, त्या सांगतात ते पोरं पटकन ऐकतात, पण हा उपाय नाही, तात्पुरतं ठिगळ आहे.

या वर्षी स्थलांतराची यादी श्रावणातच करायला घेतलीय. कोण जाणार हे आम्हाला दसऱ्याला कळतं पण मुकादमाला उचल देतानाच माहीत असतं, म्हणून समितीच्या मिटिंगला गावातल्या दोन्ही मुकादमांना बोलावलंय. एक येतो म्हणालाय, दुसरा फोन उचलत नाही.