आमची वाटचाल: पोचलेली, पण कुणी न पाहिलेली सर्टिफिकेटं

भांडुपच्या आमच्या गाळ्यात रोज प्रेशर गेज, म्हणजे दाब दाखवणारे काट्याचे मीटर, तपासायला येतात. औषध कंपन्यांचे, रंगाच्या कारखान्यांचे, हॉटेलांच्या बॉयलरवरचे. गेज डेड वेट टेस्टरला, म्हणजे वजनांनी नेमका दाब देणाऱ्या यंत्राला, जोडून एकेक वजन चढवायचं, काटा कुठे थांबतो ते लिहायचं, मग तीच वजनं उतरवताना पुन्हा लिहायचं. जो फरक निघेल तो सर्टिफिकेटवर येतो. काम सगळं गेजवर होतं, पण गिऱ्हाईक पैसे मोजतं ते त्या कागदासाठी. ऑडिटर आला की तोच कागद मागतो.

हे काम बाबांनी सुरू केलं. परळच्या एका गिरणीत ते बॉयलरवर फिटर होते. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि बाबा गिरणीत परत गेलेच नाहीत. गेज उघडून दुरुस्त करण्याची कला हातात होती. लालबागच्या खोलीत खाटेखाली अवजारांची पेटी ठेवून त्यांनी धंदा मांडला. पुढे गाळा घेतला, बाकीचे गेज ज्याच्याशी ताडून पाहायचे तो मास्टर गेज घेतला, माणसं ठेवली. सर्टिफिकेट द्यायला मात्र ते स्वतः जायचे. रेक्झिनची बॅग, लोकल, पुढे रिक्षा किंवा पायी. ओसीवर, म्हणजे आपल्याकडे ठेवायच्या ऑफिस कॉपीवर, सही-शिक्का घेतल्याशिवाय ते परत फिरत नसत. त्या ओसींच्या फाइली आजही आमच्या कपाटात आहेत.

मी कारभार हाती घेतला तेव्हा सर्टिफिकेट पीडीएफ झालं होतं आणि बॅगेची जागा मेलने घेतली होती. स्वतःचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं आपलं नाव, घेतलं, वेबसाइट केली, सर्टिफिकेट बनवणारं सॉफ्टवेअर घेतलं. गेज पास झाला की ते सॉफ्टवेअरच गिऱ्हाइकाला मेल पाठवायचं. 'सेंट'मध्ये मेल दिसला म्हणजे ओसीवर सही झाली, असं मी धरून चाललो होतो.

2024 च्या मार्चमध्ये तारापूरच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्त लागलं. "साहेब, ऑडिट परवा आहे. तुमची सर्टिफिकेटं आलीच नाहीत. यापुढचं काम आम्ही दुसरीकडे दिलंय." मी प्रिंट काढल्या आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या लोकलने बोईसर गाठलं. परचेसच्या साहेबांनी माझ्यासमोर जंक फोल्डर उघडला. कर्जाच्या आणि लॉटरीच्या मेलांमध्ये आमचे अकरा मेल ओळीने पडले होते. एकही उघडलेला नव्हता. बाबांच्या ओळखीचं ते गिऱ्हाईक, आणि आमचं नाव कुठे येऊन बसलं होतं!

परतताना गाडीत मी एकच विचार करत होतो, की मेल परत का आला नाही. पत्ता चुकला की मेल परत येतो, हे माहीत होतं. नंतर कळलं की समोरच्या सर्व्हरने मेल स्वीकारला की आपल्याकडे 'पोचला' असंच दिसतं. स्वीकारल्यावर तो इनबॉक्समध्ये ठेवायचा की जंकमध्ये, हे ते त्यांच्या घरात ठरवतात. पाठवणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही.

पुढचे पंधरा दिवस आम्ही अंदाजाने हातपाय मारले. विषयात 'अर्जंट' लिहायचो, ते काढलं. लोगो काढला. पीडीएफ झिप करून पाठवली, तर उलट जास्त मेल अडकले, कारण झिपमधून व्हायरस येतात म्हणून तिच्यावर संशय अधिक. एकच मेल दोनदा पाठवून पाहिला. यातलं काहीही कामाला आलं नाही.

शेवटी बहिणीच्या मुलाला बोलावलं. तो ऐरोलीला एका कंपनीत नेटवर्कचं काम बघतो. रविवारी गाळ्यावर आला, आमच्या सॉफ्टवेअरमधून स्वतःच्या जीमेलवर एक सर्टिफिकेट पाठवायला लावलं आणि जंकमध्ये पडलेला तो मेल उघडून 'शो ओरिजिनल' दाबलं. तिथे वरती तीन तपासण्यांचा निकाल दिसतो: एसपीएफ, डीकिम, डीमार्क. आमच्या मेलला एकातही 'पास' नव्हतं.

"मामा, तुमचा मास्टर गेज तुम्ही कुठून तपासून आणता?"

म्हटलं, मोठ्या लॅबमधून. त्यांचा आणखी वरच्या लॅबमधून, आणि ती साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. साखळी तुटली तर सर्टिफिकेटला किंमत नाही.

"मग हा मेल तुमच्याकडूनच आलाय, याची साखळी कुठाय?"

त्या प्रश्नापासून मला हा विषय समजायला लागला. मेल पाठवण्याची मूळ पद्धत 1982 मध्ये लिहिली गेली, तेव्हा पाठवणारा खरा कोण हे तपासायची सोयच तिच्यात नव्हती. पाकिटाच्या मागे कुणीही कुणाचंही नाव लिहावं, तसं. त्यावर नंतर बसवलेले हे तीन बंदोबस्त. एसपीएफ म्हणजे आमच्या नावाने कोणकोणते सर्व्हर मेल टाकू शकतात त्याची यादी. ती डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांच्या जाहीर नोंदवहीत, सगळ्यांना वाचता येईल अशी ठेवायची. डीकिम म्हणजे प्रत्येक मेलवर उमटणारी सही, जिची किल्ली त्याच डीएनएसमध्ये असते. वाटेत मजकूर बदलला की सही जुळत नाही. आणि डीमार्क सांगतो की 'प्रेषक' म्हणून दिसणाऱ्या पत्त्याशी यातलं काहीच जुळलं नाही तर मेलचं काय करायचं, आणि त्याचा अहवाल कुणाला पाठवायचा. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलने नियम कडक केले. एसपीएफ किंवा डीकिम यातलं एक तरी सर्वांनाच हवं. दिवसाला 5000 च्या वर मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही सक्तीचे. आम्ही त्या आकड्याच्या जवळपासही नव्हतो, पण आमच्याकडे धड एकही नव्हतं.

एसपीएफ होतं म्हणायला, पण दोन ओळींत. एक जुन्या होस्टिंगवाल्याने (वेबसाइट आणि मेलसाठी सर्व्हरवर जागा देणाऱ्याने) घातलेली, दुसरी नव्याने. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. दोन दिसल्या की तपासणारा दोन्ही बाद धरतो. शिवाय सर्टिफिकेटचं सॉफ्टवेअर त्याच्या स्वतःच्या सर्व्हरवरून मेल टाकत होतं आणि तो सर्व्हर दोन्ही ओळींत नव्हता. भाच्याने एकच नोंद केली. डीकिमची किल्ली घालताना एक संध्याकाळ गेली. 2048 बिटची किल्ली लांबलचक असते आणि एका तुकड्यात 255 अक्षरांच्या पुढे बसत नाही. आमच्या होस्टिंगच्या पानाने शेपूट गुपचूप कापून टाकलं होतं. आम्ही दोघांनी ती किल्ली मोठ्या अक्षरात छापून, पट्टी ठेवून अक्षर अक्षर ताडून पाहिली तेव्हा ते सापडलं. मग तिचे दोन तुकडे करून घातली.

आमच्या होस्टिंगच्या सर्व्हरवर आणखी बरीच डोमेनं होती. त्यातलं कुणीतरी भाराभर कचरा मेल पाठवत होतं, म्हणून अख्ख्या सर्व्हरचा पत्ता काळ्या यादीत गेला होता. सुक्याबरोबर ओलंही जळतं, ते असं. आम्ही ऑफिसचे मेल दुसऱ्या सेवेवर हलवले. महिन्याचा खर्च वाढला, पण तो मी बिनतक्रार करतो.

इथवरची दुरुस्ती दोन-तीन आठवड्यांची. सर्वात जास्त वेळ खाल्ला तो माझ्याच एका हौशीने. आदल्या दिवाळीत मी जुन्या डायऱ्या, व्हिजिटिंग कार्डं, प्रदर्शनात मिळालेले पत्ते असे अठराशे पत्ते गोळा करून एका संध्याकाळी सगळ्यांना शुभेच्छा पाठवल्या होत्या. कितीतरी माणसं नोकरी बदलून गेलेली, काही कारखाने बंद पडलेले. शेकड्यांनी मेल परत आले, आणि ज्यांनी आम्हाला ओळखलं नाही त्यांनी 'स्पॅम' बटण दाबलं असणार. जीमेलच्या हिशेबात अशा तक्रारींचं प्रमाण 0.3 टक्क्यांवर जायला नको. म्हणजे हजारात तिघेजण. डोमेनची अशी गेलेली पत कुठल्या नोंदीने परत येत नाही. मेलेले पत्ते काढून टाकले, ज्यांच्याशी खरोखर व्यवहार आहे त्यांनाच मेल पाठवले, आणि वाट पाहिली. पाचेक महिन्यांनी सर्टिफिकेटं हळूहळू इनबॉक्समध्ये दिसू लागली. तोवर प्रत्येक सर्टिफिकेटनंतर ऑफिसमधली मुलगी फोन करून विचारायची, "मॅडम, मिळालं का? जंकमध्ये बघता का?" ती सवय आम्ही अजून मोडलेली नाही.

डीमार्क आम्ही सुरुवातीला नुसता बघ्याच्या भूमिकेत ठेवला: काही अडवू नका, फक्त अहवाल पाठवा. ते अहवाल रोज यायचे आणि भाचा रविवारी वाचायचा. त्यावरूनच तो म्हणाला की आमच्या वेबसाइटचा सर्व्हरही मेल पाठवतोय. तो होता 'चौकशी करा' हा फॉर्म. त्यातून आमच्या नावाने जाणारे मेल तुरळक, तेवढेच अहवालात दिसले. बाकी प्रत्येक चौकशीत, जो फॉर्म भरेल त्याचाच पत्ता प्रेषक म्हणून लावून फॉर्म ती चौकशी आम्हाला पाठवत होता. म्हणजे कुणी जीमेलवाल्याने चौकशी केली, की आमच्या मेलपेटीला ते जीमेलच्या नावाचं तोतयापत्र वाटायचं.

मी आमचा स्वतःचा जंक फोल्डर कधी उघडलाच नव्हता. त्या रविवारी उघडला. मागच्या तीस दिवसांचेच मेल शिल्लक होते, त्याआधीचे आपोआप पुसले गेलेले. त्यात चार चौकश्या होत्या. एक अंबरनाथच्या डेअरीची, बावीस गेजची. सोमवारी सकाळी नऊला मी त्यांना फोन लावला आणि उत्तराला उशीर का झाला ते जसंच्या तसं सांगितलं. बावीस गेज त्यांनी तोवर दुसरीकडून करून घेतले होते. साहेब म्हणाले, बघू पुढच्या वर्षी.

पुढच्या वर्षी सहा गेज आले. सर्टिफिकेटं मेलने गेली, आणि त्यांचा एक संच मी स्वतः अंबरनाथला नेऊन दिला. ओसीवर त्यांची सही आहे.