अंगठ्याआड अगस्त्य

पहिल्या रात्री मी तासभर चुकीच्याच ताऱ्याकडे कौतुकाने बघत बसलो होतो. चिलीच्या एल्की खोऱ्यात, फेब्रुवारीतली अमावास्या साधून, खास बीटा पिक्टोरिससाठी आलेला माणूस, आणि मानेला रग लागेपर्यंत बघितला तो अल्फा पिक्टोरिस! थोडा अधिक ठळक, म्हणून फसलो. नकाशा पुन्हा उघडला तेव्हा शेजारच्या खुर्च्यांवरची मंडळी झोपायला गेली होती. ती आली होती मॅगेलनचे मेघ, म्हणजे आपल्या शेजारच्या दोन छोट्या दीर्घिका, बघायला. त्यांना काही शोधावं लागलं नाही, डोळे वर केले की झालं.

माझा तारा जेमतेम ३.९ प्रतीचा; प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद. मुख्य क्रमावरचा, म्हणजे गाभ्यात हायड्रोजनचं हेलियम करत नाकासमोर चालणारा. पृष्ठभाग सूर्यापेक्षा बराच तापलेला, सुमारे ८,००० अंश, म्हणून पांढऱ्यात किंचित निळी झाक. ही झाक पुस्तकात. इतक्या मंद ठिपक्यात डोळ्यांना रंग कुठला दिसायला! अंतर ६३ प्रकाशवर्षं, वय जेमतेम दोनेक कोटी वर्षं. सूर्याच्या ४६० कोटींपुढे हे तान्हं बाळच.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता, आणि ला सिया वेधशाळा लोकांना शनिवारीच बघता येते. पॅन-अमेरिकन महामार्ग सोडून गाडी उघड्याबोडक्या डोंगरांत शिरली. झाड म्हणून नाही. सिया म्हणजे खोगीर. २,४०० मीटर उंचीच्या त्या खोगिरावर पांढरे घुमट ओळीने बसलेले, आणि सर्वांत वरच्या घुमटात ३.६ मीटरची दुर्बीण. तिला जोडलेला हार्प्स हा वर्णपटमापक, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश रंगांत उलगडून मोजणारं यंत्र, २००३ पासून काम करतोय, पण तो बघायला मिळत नाही. तो निर्वात टाकीत बंद, आणि ताऱ्याचा प्रकाश तंतूतून त्याच्यापर्यंत जातो. मी आपला एका बंद दाराकडे भक्तिभावाने बघून आलो. या यंत्राने वर्षानुवर्षं बीटा पिक्टोरिसचं, ग्रहांच्या ओढीने होणारं, डुलणं मोजलं. त्या नोंदींतून २०१९ मध्ये ताऱ्याजवळचा एक ग्रह सापडला, साधारण १,२०० दिवसांत फेरी मारणारा.

उत्तरेकडच्या कठड्याशी उभं राहिलं की दूरच्या कण्यावर आणखी घुमट दिसतात. ते लास काम्पानास वेधशाळेचे. ते बघून मात्र अंगावर काटा आला. तिथल्या २.५ मीटर दुर्बिणीवर १९८४ मध्ये ब्रॅडफर्ड स्मिथ आणि रिचर्ड टेरिल यांनी करोनाग्राफ, म्हणजे ताऱ्याचा झगझगाट झाकणारं उपकरण, लावला होता. आधल्या वर्षी आयरास उपग्रहाला या ताऱ्याभोवती अवरक्त किरण प्रमाणाबाहेर जास्त दिसले होते; तिथे असे किरण सोडणारी धूळ असणार हे उघड होतं. पण ताऱ्याच्या झगझगाटात ती दिसणार कशी? मग त्यांनी ताराच झाकला. झाकल्यावर दोन्ही बाजूंना प्रकाशाच्या दोन पट्ट्या निघाल्या. धुळीची प्रचंड चकती, कडेने दिसणारी. दुसऱ्या ताऱ्याभोवतीच्या अशा चकतीचं ते पहिलं छायाचित्र.

अंधार पडायच्या आत आम्हाला खाली पिटाळण्यात आलं. हे बरोबरच, गाड्यांचे दिवे तिथे कुणाला हवेत!

रात्री दहाच्या सुमारास पुन्हा अंगणात. व्याध जवळजवळ डोक्यावर, मृग उत्तरेला उलटा टांगलेला, दक्षिणेला अगस्त्य आपल्या तोऱ्यात. घोटाळा त्याचाच होता. नजर सारखी त्याच्याकडे ओढली जायची. शेवटी हात लांब करून अंगठ्याने त्याला झाकलं, आणि दुसऱ्या हाताची तीन बोटं त्याच्या शेजारी पश्चिमेकडे धरली. बोटांच्या पलीकडे, अगदी कडेला, एक बारीक टिंब. नकाशाशी दोनदा ताडून पाहिलं. तोच!

दहा मिनिटं बघितलं असेल. बघण्यासारखं खरं तर काही नव्हतं. धूळ नाही, ग्रह नाही. दोन्ही हात वर धरून उभा असलेला मी कुणाला दिसलो असतो तर कवायत करतोय असं वाटलं असतं. या ताऱ्याचा दुसरा, बाहेरचा ग्रह चिलीतल्याच पॅरानाल वेधशाळेच्या दुर्बिणीने २००३ मध्येच टिपला होता. तो स्वतःभोवती इतका गरगर फिरतो की त्याचा दिवस आठ तासांचा. मी पांघरूण आणून खुर्चीतच आडवा झालो. जाग आली तेव्हा चार वाजून गेले होते, अगस्त्य डोंगराला टेकला होता, आणि तिकडचा दिवस जवळजवळ संपत आला होता.