गळ्यातला क्रूस

यंदाच्या आषाढीला सोलापुरातून तिऱ्हे, कामती, माचणूर या वाटेने मंगळवेढ्याकडे निघालेल्या एका लहान दिंडीबरोबर मी तीन दिवस चालले. मी ख्रिस्ती आहे आणि पेशाने परिचारिका. मंदिरात दर्शनाला येणार नाही, मात्र वाटेत वारकऱ्यांच्या पायांची मलमपट्टी करीन, असे मी दिंडीचालकांना आधीच सांगितले होते. त्यावर "चला, माउली" एवढेच ते म्हणाले.

अभंग आमच्या घराला परका नाही. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, तरी अभंग आणि कीर्तन त्यांनी सोडले नाही, आणि त्यांची भजने आम्ही उपासनेत आजही गातो. त्यामुळे टाळांचा ठेका ओळखीचा होता. अवघडलेपण होते ते गळ्यातल्या क्रूसाचे. कित्येक वर्षे मी तो गणवेशाच्या आत ठेवत आले. कुणी विचारू नये आणि आपणही सांगू नये, अशी सवयच जडली होती. तिऱ्ह्याच्या मुक्कामी एका आजींची टाच कोमट मिठाच्या पाण्यात धुऊन, भेगेत रुतलेली बारीक खडी चिमट्याने काढत असताना तो बाहेर आला. आजींनी तो बोटांत धरून निरखून पाहिला आणि स्वतःची तुळशीची माळ पुढे करून म्हणाल्या, "ही घातल्यापासनं कुणाशी वाकडं वागायची सोय ऱ्हायली न्हाई बघ, बाई. तुझंबी तसंच आसंल."

रात्रभर ते बोलणे मनात घोळत राहिले. तुम्ही जगाचा प्रकाश आहात, हे वचन आणि उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हेही वचन मत्तयाच्या शुभवर्तमानात डोंगरावरील एकाच प्रवचनात येते. मी मात्र दुसऱ्याच्या आडोशाला राहून पहिले टाळत आले होते. दान गुप्त ठेवावे, हे खरेच. पण आपण कुणाचे आहोत हे लपवावे, असे प्रभूने कुठेही सांगितलेले नाही.

सकाळी क्रूस मी बाहेरच ठेवला. कामतीच्या अलीकडे पाण्याच्या टँकरपाशी रांग मोडून पुढे घुसलेल्या एका तरुणाला मी चारचौघांत फार लागेल असे बोलले, आणि मग कळले की तो चक्कर येऊन पडलेल्या काकांसाठी पाणी न्यायला धावत आला होता. त्याची नजर क्षणभर माझ्या गळ्यावर थांबली. क्रूस आत असता तर तो राग माझा एकटीचा ठरला असता. आता त्याचा डाग माझ्या प्रभूच्या नावालाही लागला, याने मी दिवसभर कासावीस झाले.

संध्याकाळी मुक्कामाच्या शाळेत त्याला शोधून काढले आणि हात जोडून क्षमा मागितली. त्याने वारीच्या रीतीने वाकून माझ्या पायांना हात लावला आणि थोड्या वेळाने संकोचत विचारले, "ताई, काकांचे पाय बघता का? लई फोड आलेत." मी पातेल्यात पाणी तापायला ठेवले आणि मिठाची पुडी सोडली.